यकृतातील विषाणूच्या डीएनएवरील खुणा: वाचकांचे प्रश्न

मागील अंकातील दीर्घकालीन हिपॅटायटिस बीविषयीच्या लेखात असे एक विधान होते की, यकृतपेशींत दडून राहिलेल्या विषाणूच्या डीएनएवर रासायनिक खुणा उमटतात आणि आजाराच्या वाटचालीशी त्यांचा संबंध दिसतो. या एकाच विधानावर अनेक वाचकांनी पत्रे पाठवली. त्यांतील निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहोत. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न: विषाणूच्या डीएनएमध्ये अधिजनुकीय बदल होतो म्हणजे नेमके काय होते? हा उत्परिवर्तनाचाच प्रकार आहे का? आणि विषाणूला स्वतःची पेशी नसताना हे बदल करतो कोण?

उत्तर: तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात केली, तर पहिले दोन समजणे सोपे जाईल. हे बदल आपलीच यकृतपेशी करते. हिपॅटायटिस बीचा विषाणू जेव्हा पेशीत शिरतो, तेव्हा त्याचा डीएनए अपुरा असतो. सुमारे ३२०० अक्षरांच्या त्या छोट्या वर्तुळाची एक साखळी मध्येच तुटलेली असते. पित्तक्षारांची ने-आण करणाऱ्या एनटीसीपी नावाच्या प्रथिनाला धरून तो आत येतो, ही गोष्ट २०१२ साली उघड झाली. आत आल्यावर डीएनए केंद्रकात पोहोचतो आणि तेथे पेशीची दुरुस्ती करणारी एन्झाइमे, जणू तो स्वतःचाच तुटलेला डीएनए आहे असे समजून, ते वर्तुळ पूर्ण करतात. या पूर्ण, बंद वर्तुळाला संशोधक सीसीसी-डीएनए म्हणतात. पेशी एवढ्यावर थांबत नाही. आपल्या गुणसूत्रांचा डीएनए ज्या हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो, त्याच हिस्टोनांभोवती ती विषाणूचे वर्तुळही गुंडाळते, आणि मग एक अतिशय लहान गुणसूत्रच केंद्रकात राहू लागते.

गुणसूत्र झाले म्हणजे गुणसूत्रांना लागू असलेले नियमही लागू झाले. कोणते जनुक वाचायचे आणि कोणते मिटून ठेवायचे हे पेशी दोन मुख्य मार्गांनी ठरवते. पहिला मार्ग मेथिलेशनचा. डीएनएमधील सायटोसिन या अक्षराच्या पुढे ग्वानिन असेल, तर त्या सायटोसिनला मेथिल गट चिकटवला जातो आणि अशा खुणा दाट झाल्या की त्या भागाचे वाचन मंदावते किंवा थांबते. दुसरा मार्ग हिस्टोनांवरील खुणांचा. ॲसिटिल गट जोडले की गुंडाळी सैल होते आणि जनुके वाचली जातात. ते काढून घेतले की गुंडाळी घट्ट होते. पोथीतील एकही अक्षर न बदलता समासात ‘हा भाग वाचू नये’ अशी खूण करावी, तसा हा प्रकार आहे. उत्परिवर्तनात मात्र मूळ अक्षरच बदलते. म्हणून दोहोंची गल्लत करू नये. ती केल्यास प्रयोगशाळेच्या अहवालाचा अर्थ कसा चुकतो, ते पुढच्या उत्तरात येईल.

विषाणूच्या इतक्या लहान डीएनएमध्येही मेथिलेशनला अनुकूल अशी तीन दाट ठिकाणे आढळतात. त्यांतील एक पृष्ठभागाचे प्रथिन बनवणाऱ्या जनुकाच्या आरंभाजवळ आहे, तर दुसरे एक्स जनुकावर आणि त्याच्या आसपासच्या नियंत्रक भागावर पसरलेले आहे. विषाणूही हा बंदोबस्त मुकाट्याने सोसत नाही. यकृतपेशीत एसएमसी-५/६ नावाचा एक प्रथिनसमूह असतो, जो अशा बाहेरून आलेल्या वर्तुळाकार डीएनएला गप्प बसवतो. विषाणूचे एक्स प्रथिन पेशीचीच कचरा-निर्मूलन यंत्रणा वापरून त्या समूहाचा नाश घडवून आणते. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या शोधामुळे, ‘एक्स प्रथिनाचे काम तरी काय’ या कित्येक वर्षे रेंगाळलेल्या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळाले. एक्स प्रथिन नसेल, तर सीसीसी-डीएनए असूनही विषाणूची निर्मिती जवळजवळ बंद पडते.

प्रश्न: सिऱ्होसिस झालेल्या रुग्णांच्या यकृतात विषाणूच्या डीएनएवर मेथिलेशन जास्त आढळते, असे एका व्याख्यानात ऐकले. मग मेथिलेशनमुळेच आजार बळावतो असे समजावे का? माझा ई-अँटिजेन नकारात्मक आहे आणि त्यामुळे मी काळजीत आहे.

उत्तर: आलेल्या सर्व प्रश्नांत हा सर्वांत महत्त्वाचा आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

तुम्ही ऐकलेले निरीक्षण खरे आहे. बायोप्सीत मिळालेल्या यकृताच्या तुकड्यांवर झालेल्या अभ्यासांत, ई-अँटिजेन (विषाणू जोमाने वाढत असताना रक्तात सापडणारे त्याचे एक प्रथिन) सकारात्मक असलेल्या रुग्णांपेक्षा तो नकारात्मक झालेल्यांत विषाणूच्या डीएनएवर मेथिलेशन अधिक दिसले आहे, आणि सिऱ्होसिस किंवा कर्करोग झालेल्या यकृतांतही ते वाढलेले आढळले आहे. प्रयोगशाळेत विषाणूच्या डीएनएवर कृत्रिमरीत्या मेथिल गट जोडून तो पेशींत सोडला, तर प्रथिने कमी बनतात हेही दिसून आले आहे. परंतु या दोन गोष्टी शेजारी ठेवल्या की एक कोडे उभे राहते. मेथिलेशनने विषाणू मंदावतो, आणि मंदावलेला विषाणू दीर्घ मुदतीत कमी धोक्याचा असतो. तैवानमधील ३६५३ व्यक्तींचा अनेक वर्षे पाठपुरावा करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने, रक्तातील विषाणूचे प्रमाण जितके जास्त तितका यकृताच्या कर्करोगाचा धोका जास्त, हे स्पष्ट दाखवले होते. मग विषाणूला गप्प करणारी खूण नेमकी बिघडलेल्या यकृतातच जास्त का सापडावी?

कोड्याचे उत्तर शोधण्याआधी हे ध्यानात घ्यावे लागते की, हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृतपेशीला सहसा स्वतः मारत नाही. पेशी मरतात त्या आपल्या प्रतिकारशक्तीच्या हल्ल्यात. संसर्ग झालेल्या पेशींना ओळखून टी-पेशी त्यांच्यावर तुटून पडतात, मेलेल्या पेशींची जागा नव्या पेशी घेतात, दाह वर्षानुवर्षे धुमसत राहतो आणि त्या प्रत्येक फेरीत थोडेथोडे तंतुमय ऊतक साचत जाते. सिऱ्होसिस म्हणजे या साचत गेलेल्या व्रणांची अखेरची अवस्था. हाच दीर्घ संघर्ष विषाणूच्या डीएनएवरही आपला ठसा उमटवतो: सायटोकाइन या संदेशवाहक रेणूंच्या दबावाखाली पेशी विषाणूचे वर्तुळ अधिकाधिक मिटत नेते, भरपूर विषाणू बनवणाऱ्या पेशी हल्ल्यात आधी नष्ट होतात, आणि ज्यांतील विषाणू गप्प आहे अशा पेशी मागे उरतात. म्हणजे वाढलेले मेथिलेशन आणि वाढलेले व्रण हे दोन्ही एकाच जुन्या झगड्याचे परिणाम असू शकतात. दोन गोष्टी एकत्र आढळल्या म्हणून पहिलीने दुसरी घडवली असे ठरत नाही, आणि येथे तर काळाचा ओघही मध्ये येतो, कारण सिऱ्होसिसच्या रुग्णांत संसर्गाचे वय सहसा अधिक असते.

याशिवाय एका बायोप्सीत एका क्षणाचे चित्र मिळते. त्याच रुग्णाच्या यकृतात दहा वर्षांपूर्वी काय स्थिती होती हे त्यावरून कळत नाही. आमच्या मते आजच्या पुराव्याच्या आधारे मेथिलेशनला आजाराच्या टप्प्याची खूण मानणे योग्य आहे; त्याला आजाराचे कारण ठरवणे घाईचे होईल. अर्थात विषाणू गप्प झाल्याने त्याच्या पेशी प्रतिकारशक्तीच्या नजरेतून सुटतात आणि तेथेच पुढे कर्करोगाची बीजे रुजतात, असा एक तर्क काही संशोधक मांडतात, आणि तो टाकाऊ नाही. मात्र तो अजून तर्काच्याच पायरीवर आहे.

आता तुमच्या ई-अँटिजेनविषयी. तो नकारात्मक होण्याची कारणे एकाहून अधिक आहेत आणि ती वेगळी ओळखणे आवश्यक आहे. एका प्रकारात प्रतिकारशक्ती विषाणूवर खरोखर मात करते, रक्तातील डीएनए अत्यल्प होतो, यकृतपेशींना इजा झाल्यावर रक्तात वाढणारे एएलटी हे एन्झाइम सामान्य राहते आणि यकृत अनेक वर्षे शांत असते. दुसऱ्या प्रकारात विषाणू उत्परिवर्तनाने ई-अँटिजेन बनवणेच सोडून देतो. १८९६ क्रमांकाच्या स्थानी एक अक्षर बदलते आणि त्या प्रथिनाची निर्मिती मध्येच थांबते, पण विषाणूची वाढ चालूच राहते. अशा रुग्णात ई-अँटिजेन नकारात्मक असूनही आजार पुढे सरकत असतो. म्हणून केवळ त्या एका चाचणीवर निर्धास्त होऊ नये आणि घाबरूनही जाऊ नये. रक्तातील विषाणूच्या डीएनएचे प्रमाण, एएलटी आणि यकृताचा कडकपणा मोजणारी इलॅस्टोग्राफी या तिन्ही गोष्टी, त्याही ठरावीक अंतराने पुन्हापुन्हा पाहून, तुमचे डॉक्टर तुम्ही कोणत्या प्रकारात आहात हे सांगू शकतील.

प्रश्न: हे मेथिलेशन रक्ताच्या साध्या चाचणीत का मोजत नाहीत?

उत्तर: कारण खूण असते ती केंद्रकातील वर्तुळावर, आणि रक्तात येतो तो विषाणूचा नवा डीएनए. विषाणू आपल्या प्रती काढताना आधी सीसीसी-डीएनएवरून आरएनए बनवतो आणि केंद्रकाबाहेर, कवचाच्या आत, त्या आरएनएवरून पुन्हा डीएनए तयार करतो. मेथिल गटाची नक्कल आरएनएमध्ये उतरत नाही, त्यामुळे त्या खुणांचा वारसा बाहेर पडणाऱ्या विषाणूला मिळत नाही. खऱ्या मोजमापासाठी यकृताचा तुकडाच लागतो, आणि त्यातही सीसीसी-डीएनए एका पेशीत मोजक्याच प्रतींत असल्याने, विषाणूच्या इतर डीएनएपासून तो वेगळा काढणे हे मोठे किचकट काम असते. या अडचणीवर मार्ग म्हणून रक्तातील विषाणूचा आरएनए आणि गाभ्याशी संबंधित अँटिजेन यांच्या चाचण्या पुढे आल्या आहेत. सीसीसी-डीएनए किती सक्रिय आहे याचा त्या अप्रत्यक्ष अंदाज देतात.

प्रश्न: मी बऱ्याच वर्षांपासून टेनोफोविर घेत आहे. विषाणूचा डीएनए आता चाचणीत दिसत नाही. विषाणू कायमचा गप्प झाला असेल, तर औषध थांबवावे का? आणि त्याला कायमचे गप्प करणारी औषधे येणार आहेत का?

उत्तर: औषध स्वतःहून थांबवू नका. टेनोफोविर आणि एंटेकाविर ही औषधे विषाणूच्या पॉलिमरेज या एन्झाइमला रोखतात, म्हणजे आरएनएवरून नवा डीएनए बनण्याची पायरी अडवतात. सीसीसी-डीएनएला ती थेट हात लावत नाहीत. त्यामुळे रक्त स्वच्छ दिसत असतानाही केंद्रकातील वर्तुळ तेथेच असते, त्यावरून आरएनए आणि प्रथिने बनत राहू शकतात, आणि औषध अचानक बंद केल्यावर विषाणू उसळून यकृताला गंभीर, कधी प्राणघातक इजा झाल्याची उदाहरणे आहेत. सिऱ्होसिस असलेल्यांत हा धोका विशेष. काही निवडक रुग्णांत डॉक्टर काटेकोर देखरेखीखाली औषध थांबवून पाहतात, परंतु तो निर्णय त्यांचा असतो.

या औषधाचा लाभ मात्र कमी लेखू नये. पाच वर्षे टेनोफोविर घेतलेल्या रुग्णांच्या बायोप्सींवर २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीला सिऱ्होसिस असलेल्या ९६ जणांपैकी ७१ जणांच्या यकृतात पाच वर्षांनी सिऱ्होसिस उरला नव्हता. व्रण मागे हटू शकतात ही गोष्ट त्यातून ठळकपणे दिसून आली.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचा विचार करता, विषाणूच्या वर्तुळाला मिटवणारे एक औषध आपल्याकडे आधीपासूनच आहे: इंटरफेरॉन. इतर अनेक परिणामांबरोबर ते सीसीसी-डीएनएवरील हिस्टोनांचे ॲसिटिल गट कमी करते, असे प्रयोगांत दिसले आहे. पण त्याचे दुष्परिणाम त्रासदायक असतात आणि पूर्ण लाभ थोड्यांनाच होतो. आता विषाणूच्या आरएनएलाच लक्ष्य करणारी बेपिरोव्हिर्सेनसारखी औषधे मोठ्या चाचण्यांपर्यंत पोहोचली आहेत, आणि डीएनए न कापता केवळ ठरावीक जागी मेथिल गट बसवणारी तंत्रेही विकसित होत आहेत. त्यांचे उद्दिष्ट असते कार्यात्मक बरे होणे: औषध थांबल्यावरही एचबीएसएजी, म्हणजे विषाणूच्या पृष्ठभागाचे प्रथिन, आणि विषाणूचा डीएनए रक्तात न दिसणे. वर्तुळाचा समूळ नाश हे त्यापुढचे, अधिक अवघड ध्येय आहे.

अशा खुणा पुसल्या जाऊ शकतात, हे विसरता येत नाही. रोमिडेप्सिन हे काही प्रकारच्या लिम्फोमांत दिले जाणारे औषध हिस्टोनांवरील ॲसिटिल गट टिकवून धरते, आणि ते घेताना जुना हिपॅटायटिस बी पुन्हा जागा होण्याचा इशारा त्याच्या माहितीपत्रकात दिलेला असतो. रिटक्सिमॅब या प्रतिकारशक्तीच्या बी-पेशी नष्ट करणाऱ्या औषधाने विषाणू जागा होण्याचा मार्ग वेगळा आहे, कारण तेथे पहारा देणारी प्रतिकारशक्तीच कमी होते. परिणाम मात्र तोच. म्हणूनच केमोथेरपी किंवा प्रतिकारशक्ती दाबणारे उपचार सुरू करण्यापूर्वी एचबीएसएजीबरोबर विषाणूच्या गाभ्याविरुद्धच्या अँटिबॉडीचीही, म्हणजे जुन्या संसर्गाच्या खुणेची, तपासणी करतात. ज्यांना तरुणपणी कावीळ होऊन ‘बरी’ झाली, त्यांनी ही माहिती आपल्या कर्करोगतज्ज्ञांना आवर्जून द्यावी.

प्रश्न: विषाणूचा डीएनए आपल्या गुणसूत्रात घुसतो असेही वाचले. तो आणि हे वर्तुळ एकच का? कर्करोग कोणामुळे होतो?

उत्तर: दोन्ही वेगळे आहेत. विषाणूच्या काही प्रती वर्तुळ न बनता सरळ साखळीच्या रूपात राहतात आणि त्यांचे तुकडे आपल्या गुणसूत्रांत कोठेही जोडले जातात. विषाणूच्या वाढीला याचा काही उपयोग नसतो. त्या तुकड्यांपासून पूर्ण विषाणू बनू शकत नाही. परंतु एचबीएसएजी मात्र बनू शकते, आणि ई-अँटिजेन नकारात्मक झालेल्या अनेक रुग्णांच्या रक्तातील एचबीएसएजीचा मोठा हिस्सा याच तुकड्यांतून येतो. वर्तुळ गप्प असूनही एचबीएसएजीचा अहवाल सकारात्मक का राहतो, याचे एक कारण हे आहे.

या तुकड्यांवरील मेथिलेशनचा इतिहास बराच जुना आहे. यकृताच्या कर्करोगापासून मिळवलेल्या पीएलसी/पीआरएफ/५ या पेशी प्रयोगशाळेत पृष्ठभागाचे प्रथिन भरपूर बनवतात, पण गाभ्याचे प्रथिन बनवत नाहीत. गुणसूत्रात जोडल्या गेलेल्या विषाणूच्या गाभा-जनुकावर या पेशींत मेथिल गट असल्याचे १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवण्यात आले. पेशी एकाच विषाणूचे एक जनुक मिटवते आणि दुसरे उघडे ठेवते, हे त्यातून ठळकपणे पुढे आले.

कर्करोगाचे कारण एकच नाही. जोडलेला तुकडा टर्ट या जनुकाजवळ बसला, तर पेशीला अमर्याद विभाजनाची मुभा मिळू शकते. यकृताच्या गाठींत हे ठिकाण वारंवार आढळते. केएमटी२बी हे आणखी एक नेहमीचे ठिकाण असून, गंमत अशी की त्याचे काम स्वतःच हिस्टोनांवर मेथिल खुणा करण्याचे आहे. दुसरीकडे, संसर्ग आणि दाह यांमुळे पेशीची स्वतःची पी-१६ आणि आरएएसएसएफ१ए यांसारखी कर्करोगाला आवर घालणारी जनुके मेथिलेशनने मिटतात. विषाणूसाठी चालू झालेली यंत्रणा यजमानाच्याही जनुकांवर चालते, असा याचा अर्थ लावला जातो. हे सारे सिऱ्होसिसवाचूनही घडू शकत असल्याने, हिपॅटायटिस बीमध्ये यकृत अजून मऊ असतानाही कर्करोग होऊ शकतो. ज्यांचा धोका अधिक, त्यांना दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करण्यास सांगतात ते यासाठी.

प्रश्न: हिपॅटायटिस सीमध्येही असेच घडते का?

उत्तर: तो आरएनए विषाणू आहे आणि त्याचा डीएनए कधीच बनत नाही, म्हणून विषाणूवर अशा खुणा उमटण्याचा प्रश्न येत नाही. बहुतेक रुग्णांत ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी तो पूर्णपणे नाहीसा होतो. मात्र यजमानाच्या गुणसूत्रांवर त्याने घडवलेले हिस्टोनांचे काही बदल विषाणू गेल्यावरही टिकून राहतात, असे आढळले आहे. सिऱ्होसिस झालेल्यांनी हिपॅटायटिस सी बरा झाल्यावरही कर्करोगासाठीची तपासणी चालू ठेवावी.

प्रश्न: फोलिक ॲसिड मेथिल गट पुरवते असे कळले. मग त्याच्या गोळ्या जास्त घेतल्या, तर विषाणूवरील मेथिलेशन वाढून तो गप्प बसेल का? घरातील इतरांसाठी काय करावे?

उत्तर: फोलेट हे मेथिल गटांच्या पुरवठ्यातील एक दुवा आहे हे खरे, पण त्यावरून तुम्ही काढलेला निष्कर्ष टिकत नाही. मेथिल गट कोठे बसवायचा हे पेशीतील एन्झाइमे ठरवतात. गोळी गिळणाऱ्याला ते ठरवता येत नाही. वाढीव पुरवठा विषाणूच्या वर्तुळाकडे जाईल आणि वर उल्लेखलेल्या पी-१६कडे जाणार नाही, अशी हमी कोण देणार? कमतरता असेल, तर डॉक्टर सांगतील तेवढे फोलिक ॲसिड घ्यावे. विषाणूवरील उपचार म्हणून घेऊ नये. ‘जनुके बदलणारा आहार’ अशा नावाने विकल्या जाणाऱ्या चूर्णांविषयीही आमचे हेच मत आहे, आणि त्यांतील काही वनस्पतिजन्य मिश्रणे यकृताला प्रत्यक्ष अपाय करतात म्हणून ते थोडे अधिक कडक आहे.

यकृताच्या हिताच्या ज्या गोष्टी निश्चित माहीत आहेत, त्या साध्या आहेत: मद्य पूर्ण वर्ज्य करणे, वजन आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, आणि बुरशी लागलेले शेंगदाणे किंवा मका न खाणे, कारण त्यांतील अफ्लाटॉक्सिन आणि हिपॅटायटिस बी एकत्र आले की कर्करोगाचा धोका कितीतरी पटींनी वाढतो.

घरातील सर्वांनी एकदा एचबीएसएजी तपासून घ्यावे आणि ज्यांना संसर्ग नाही व प्रतिकारशक्तीही नाही, त्यांनी लस पूर्ण करावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ साली जगात २५.४ कोटी लोक दीर्घकालीन हिपॅटायटिस बीसह जगत होते आणि त्या एका वर्षात सुमारे ११ लाख जणांचा त्याने मृत्यू झाला; यांतील अनेकांना संसर्ग जन्माच्या वेळी किंवा बालपणीच झालेला असतो. म्हणून संसर्ग असलेल्या मातेच्या नवजात बाळाला जन्मानंतर २४ तासांच्या आत लसीची पहिली मात्रा आणि शक्य असल्यास त्याच वेळी तयार अँटिबॉडीचे इंजेक्शन दिले जाते. गरोदर स्त्रीच्या रक्तात विषाणूचे प्रमाण फार जास्त असेल, तर अखेरच्या तिमाहीच्या सुमारास टेनोफोविर सुरू करण्याविषयी तिच्या डॉक्टरांशी वेळेत बोलावे.